उसन्या आवाजाचा आरोप

मराठी विभागात शिकवणाऱ्या आम्हा दोघांना इलेक्ट्रिक गिटारविषयी लिहिण्याचा अधिकार काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. अधिकार नाहीच. आम्हांपैकी एकालाही गिटारवर तीन स्वर सलग काढता येत नाहीत. तथापि ज्या वादाविषयी हे टिपण आहे, तो संगीताच्या परिभाषेत झालाच नाही. तो आपल्या, म्हणजे साहित्यसमीक्षेच्या, परिभाषेत झाला. 'अस्सल', 'उसने', 'मातीतले', 'कृत्रिम' हे शब्द त्यात इतक्या सढळपणे वापरले गेले की, ते ज्या कोठारातून उचलले त्या कोठाराच्या राखणदारांनी गप्प बसणे बरे दिसणार नाही.

प्रसंग असा. एका आंतरमहाविद्यालयीन सांस्कृतिक स्पर्धेत आमच्या महाविद्यालयाचा चमू लोकगीत-समूहगान या प्रकारात उतरला होता. विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेले, रापणीवरचे मालवणी गाणे. रापण म्हणजे होडीतून समुद्रात जाळे सोडून त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणण्याची जुनी पद्धत. मालवणच्या किनाऱ्यावर ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना त्या ओढीतली लय वेगळी सांगायला नको. साथीला पेटी, मृदंग, झांज आणि एक इलेक्ट्रिक गिटार. गिटारवाला मुलगा मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याने ती गिटार मडगावहून जुन्यात घेतलेली. तिचे काम एवढेच होते की दोर ताणला जात असताना खालचा एक स्वर लांबवर धरून ठेवायचा आणि जाळे वर आल्यावर तो सोडायचा. तालमीत ऐकताना आमच्या अंगावर काटा आला होता, हे कबूल करतो.

नियमपत्रिकेत एक कलम होते: 'बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रॉनिक वाद्ये वापरता येणार नाहीत.' कलमाचा रोख उघड आहे. कीबोर्डवर आणि ऑक्टोपॅडवर आयते ठेके साठवलेले असतात. बोट ठेवले की यंत्र वाजवते आणि मुलगा नुसता उभा राहतो. ते नको, एवढाच त्याचा हेतू असावा. साध्या इलेक्ट्रिक गिटारी घेऊन आणखी दोन चमू आले होते आणि त्यांना कोणी अडवले नाही. आमच्या मुलाला मात्र परीक्षकांपैकी एका सन्माननीय लोकसाहित्य-अभ्यासकांनी गिटार उलटी धरायला लावली. मागे एक लहानसे झाकण. ते उघडले. आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. "ही काढा, मग वाजवा," असा निर्णय झाला. मुलगा म्हणाला, "सर, बॅटरी काढली तर नुसता लाकूड रवतला." त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. ते विनोद समजून हसण्यावारी नेण्यात आले.

शेवटी दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या मुलाने मोठ्या मनाने आपली बिनबॅटरीची गिटार दिली. सभागृहातल्या दिव्यांच्या डिमरपाशी तिने अशी घरघर लावली की साउंडवाल्याने तिचा आवाज पार खाली ओढला. म्हणजे जो आवाज 'स्वतःचा' ठरला होता तो कोणाला ऐकूच आला नाही. क्रमांक आला नाही, याचे आम्हांला फारसे वाटत नाही. चमू हरतातच. आम्हांला लागले ते समारोपाचे भाषण. त्यात त्याच अभ्यासकांनी या घटनेचा नामोल्लेख टाळून उल्लेख केला आणि एक सिद्धान्त मांडला: तारेला स्वतःचा आवाज असतो, बॅटरी आली की तो उसना होतो, आणि सिंधुदुर्गातल्या मुलांनी तरी उसन्या आवाजाच्या नादी लागू नये. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्या विषयाचे अध्यापक बरेच होते.

हे भाषण हातातल्या कॉर्डलेस माइकवरून झाले. त्या माइकच्या दांड्यात दोन सेल असतात.

आता थोडे तंत्राकडे. ते आम्हांला आमच्या विद्यार्थ्याने आणि भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने मिळून समजावले. चूक असल्यास दोष आमच्या आकलनाचा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो: लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी, साधारण पाच ते आठ हजार. वरची पोलादी तार हलली की चुंबकक्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात किंचित विद्युतप्रवाह उपजतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले हेच तत्त्व. या साध्या पिकअपला बॅटरी लागत नाही. पण त्यातून निघणारा संकेत नाजूक असतो. केबल जितकी लांब तितके त्यातले तीव्र उपस्वर वाटेतच विरतात, आणि हजारो वेटोळी आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची, डिमरची, ट्यूबलाइटची घरघरही इमानेइतबारे टिपून घेतात.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये वेटोळी कमी असतात. संकेत त्यामुळे आणखी क्षीण, पण स्वच्छ. तो गिटारच्या पोटातच एका छोट्या प्रवर्धकातून, म्हणजे प्रीअँपमधून, जातो आणि मगच केबलमध्ये उतरतो. त्या प्रीअँपला जी वीज लागते ती ही नऊ व्होल्टची बॅटरी देते. बॅटरीचे काम एवढेच. ती स्वर निर्माण करीत नाही, ठेका देत नाही, चूक झाकत नाही. तार छेडली नाही तर अ‍ॅक्टिव्ह गिटार साध्या गिटारइतकीच मुकी असते. बेसूर लावली तर तितकीच बेसूर वाजते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रॉब टर्नर यांनी ईएमजी या नावाने असे पिकअप काढले तेव्हा त्यांचा मुख्य लौकिक कमी घरघरीचा होता. एखाद्याला त्यांचा नाद थंड वाटतो, जरा इस्त्री केल्यासारखा वाटतो. वाजवणाऱ्यांत यावरून मतभेद आहेत आणि ते मतभेद कानाचे असल्यामुळे आम्ही त्यांचा आदर करतो.

प्रश्न असा की, 'उसने' यात नेमके कोठे आले? बिनबॅटरीच्या गिटारचा संकेत केबलमधून जाऊन पोचतो तो अँप्लिफायरमध्ये, आणि अँप्लिफायर भिंतीतल्या २३० व्होल्टवर चालतो. म्हणजे तारेचा तथाकथित स्वतःचा आवाज श्रोत्यांच्या कानी पडण्याआधी महावितरणच्या वायरीतून फिरून येतोच. २३० व्होल्ट बाहेरचे चालतात आणि नऊ व्होल्ट आतले चालत नाहीत, यामागचे सौंदर्यशास्त्र आम्हांला उमगलेले नाही. इलेक्ट्रिक गिटार जन्मालाच या मदतीसाठी आली. १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशाम्प यांनी ती अमेरिकेत सिद्ध केली, कारण पितळी वाद्यांच्या ताफ्यात बिचाऱ्या गिटारचे कोणी ऐकत नव्हते.

त्याच मंचावर आणखी काय काय होते, तेही सांगितले पाहिजे. पेटीसमोर दोन माइक होते. शास्त्रीय गायनाच्या स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक तानपुरा घुमत होता. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र घडवले आणि आज ते (किंवा मोबाइलमधला त्याचा अवतार) नसलेली गायनशाळा शोधावी लागेल. त्यात तर तारच नाही. छेडणारे बोटही नाही. तरी त्याला कोणी उलटे धरून झाकण उघडले नाही. तानपुऱ्याभोवती अभिजाततेचे वलय असल्यामुळे त्याचा सेल दिसत नाही आणि गिटार म्हटली की आधी सेलच दिसतो, असा काहीसा हा दृष्टिदोष असावा.

एक मान्य करतो. परीक्षकांनी जर म्हटले असते की विजेचे काहीच नको, माइकही नको, गाणाऱ्याने गळ्याने सभागृह भरावे, तर आम्ही मान डोलावली असती. ती भूमिका सुसंगत आहे आणि तिच्यात सौंदर्यही आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमच्या किनारपट्टीचे विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गावे काही दिवस अंधारात राहिली, तेव्हा सगळ्याच इलेक्ट्रिक गिटारी, बॅटरीच्या आणि बिनबॅटरीच्या, खुंटीला टांगलेल्या राहिल्या. वाजू शकली ती पेटी आणि झांज. वाद्याची स्वायत्तता म्हणजे काय ते त्या दिवसांत कळण्यासारखे होते. पण स्वायत्ततेचा हा निकष लावायचा तर सगळ्या मंचाला लावला पाहिजे, एका मुलाच्या एका झाकणाला नव्हे.

पेटीचे उदाहरण तर या संदर्भात टाळताच येत नाही. दशावताराची पायपेटी आज आपल्याला इतकी घरची वाटते की, ती नसलेला दशावतार कल्पिता येत नाही. पण पेटी युरोपातून आली आणि तिच्यावरही हाच आरोप झाला: परकी, स्वर जखडलेला, मींड नाही, भारतीय गळ्याशी जमत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांचा तिला विरोध होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये काही अंशी उठली. त्या सुमारे तीस वर्षांत काय झाले? गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिलेले हे वाद्य नाटकात, कीर्तनात, भजनात आणि जत्रेतल्या दशावतारात खुशाल वाजत राहिले. रेडिओला ते परके होते, संकासुराला नव्हते. (याच रेडिओच्या सेवेत त्या काळी बा. सी. मर्ढेकर होते आणि १९४७ च्या 'काही कविता'मध्ये त्यांनी यंत्रयुगाची सारी खडखड मराठी कवितेत आणली. पेटीविषयी त्यांचे मत काय होते हा येथे मुद्दा नाही. मात्र त्यांच्याही शब्दांना 'उसने' म्हणणारे कमी नव्हते, हे आपण वर्गात शिकवतोच.)

तरीही पेटीच्या विरोधकांचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. त्यांचा आक्षेप ऐकून घेतलेला होता. दोन स्वरांमधली जागा पेटीला घेता येत नाही, हे कानाला कळते. त्यावर भांडता येते. आमच्या परीक्षकांचा आक्षेप कानाला कळणारा नव्हता. त्यांनी मुलाला वाजवू दिलेच नाही. झाकण उघडले, बॅटरी पाहिली, निकाल दिला. ही स्क्रूड्रायव्हरची समीक्षा झाली.

आणि खेदाची गोष्ट अशी की, ही समीक्षा आपण रोज करतो. आमच्या वर्गात मालवणी बोलणारी मुले-मुली बसतात. त्यांतली कित्येक घरातली पहिलीच पदवीधर होणार असतात. त्यांनी मालवणीत गोष्ट लिहिली की आपण तिच्यावर 'मातीचा गंध' असा शेरा मारतो आणि पुढे वाचत नाही. त्यांनी प्रमाण मराठीत, जरा अवघड वाक्यरचनेत, एखाद्या कादंबरीचे विश्लेषण लिहिले की आपण विचारतो, "हे कोठून उतरवले?" कधी ते खरोखरच उतरवलेले असते. पण पुष्कळदा त्यात एवढेच झालेले असते की मुलीने चार पुस्तके वाचली, त्यांतून चार संज्ञा घेतल्या आणि स्वतःचा क्षीण, नाजूक विचार दूरवर पोचावा म्हणून त्यांच्या मदतीने तो मांडला. विचार तिचा आहे. आपण मात्र मागचे झाकण उघडून संज्ञा शोधतो आणि म्हणतो, ही काढा, मग बोला. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याच्या संज्ञा त्याच्या वडिलार्जित असतात, असे आपण गृहीत धरलेले असते. 'सिंधुदुर्गातल्या मुलांनी तरी' या शब्दांतला 'तरी' आम्हांला सर्वांत जास्त लागला तो याच कारणाने. मुंबईच्या मुलाने काहीही वाजवावे. मालवणच्या मुलाने झांजच वाजवावी, म्हणजे पाहुण्यांना कोकण पाहिल्यासारखे वाटते.

या भूमिकेला देशीवादाचा आधार दिला जातो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. भालचंद्र नेमाड्यांच्या देशीवादाशी आमचे मतभेद आहेत. त्यांवर कधीतरी स्वतंत्रपणे लिहू. परंतु त्या मांडणीतही परकीय गोष्टीचे देशीकरण होते, होऊ शकते, या विचाराला जागा आहे. कादंबरी हा प्रकारच मुळात तसा आला. रापणीच्या दोराची ओढ गिटारच्या खालच्या तारेवर आणणे हे देशीकरण नसेल तर मग ते नेमके कशाला म्हणायचे? सन्माननीय अभ्यासकांनी देशीवादाचा सोवळे-ओवळे केला आहे. त्यात वस्तू काय करते याला महत्त्व नाही. ती कोणाला शिवली होती एवढेच पाहायचे.

वस्तू काय करते हे पाहणारे लोक आमच्या जिल्ह्यात आहेत. ते समुद्रावर आहेत. पारंपरिक मच्छीमारांचा पर्ससीन जाळ्यांना आणि प्रखर एलईडी दिव्यांनी होणाऱ्या मासेमारीला कित्येक वर्षे विरोध आहे. एलईडीच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदीही घातली. या विरोधात 'यंत्र अपवित्र' असा सूर नाही. पारंपरिक म्हणवणाऱ्या होड्यांनाही आज इंजिन असते आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. विरोध आहे तो परिणामाला: जनरेटरवरच्या दिव्यांनी थवेच्या थवे उचलले की किनाऱ्यावर दोर ओढणाऱ्याच्या जाळ्यात काय उरणार? किती वीज, कोणासाठी, आणि तिने कोणाचे काय गेले, हे तीन प्रश्न ते विचारतात. आमच्या गिटारवाल्या मुलाला हे प्रश्न घरात ऐकून पाठ आहेत. नऊ व्होल्टने कोणाचे काय गेले, असे त्याने आम्हांला परतीच्या एसटीत विचारले आणि आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

बॅटरीवर आक्षेप घ्यायचाच तर तोही घेता येतो, आणि तो कोणी घेतला असता तर आम्ही ऐकला असता. ही चौकोनी बॅटरी म्हणजे दीड-दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एका डबीत कोंबलेले. चांगल्या अल्कलाइन बॅटरीची धारणा सुमारे पाचशे मिलिअँपिअर-तास असते. बऱ्याच अ‍ॅक्टिव्ह पिकअपना एक मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह पुरतो, म्हणजे हिशेबाने काही हजार तास निघतात. पण यात एक गोम आहे. गिटारला वेगळे बटन नसते. केबल जॅकमध्ये खुपसली की मंडल पूर्ण होते आणि उपसली की तुटते. केबल तशीच लावून मुले झोपी गेली की वाद्य मुके असूनही बॅटरी रात्रभर झिजत राहते. शिवाय आमची खारी हवा. जत्रेच्या दुकानातली स्वस्त झिंक-कार्बन बॅटरी पावसाळ्यात गिटारच्या पोटात विसरली की ती पाझरते, पितळी टोके हिरवी पडतात आणि ऐन कार्यक्रमात आधी आवाज फाटतो, मग जातो. आमच्याच स्नेहसंमेलनात असे एकदा झाले. "सेल गेलो!" असे कोणीतरी विंगेतून ओरडले आणि पुढचे कडवे पोरांनी टाळ्यांवर म्हटले. बिनबॅटरीच्या गिटारचा हा गुण निर्विवाद आहे: ती अशी मध्येच प्राण सोडत नाही.

आणि संपलेल्या बॅटरीचे पुढे काय? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी असले छोटे सेलही कक्षेत आणले आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आमच्या महाविद्यालयात ते टाकायला एक डबादेखील नाही. संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर जातात, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. स्पर्धेच्या आयोजकांनी प्रवेशद्वारावर असा एक डबा ठेवून कॉर्डलेस माइकचे, तानपुऱ्याचे आणि गिटारचे सगळे सेल त्यात मोजून टाकायला लावले असते, तर नियमपत्रिकेतल्या त्या कलमाला काही अर्थ आला असता.

आम्ही आयोजकांना पत्र लिहिले होते. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' एवढे एका ओळीचे उत्तर आले. त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती, हे विभागाच्या वतीने नमूद करतो. यंदाची नियमपत्रिका नुकतीच हाती पडली आहे. कलम जसेच्या तसे आहे. गाणेही तेच ठेवायचे असे मुलांनी ठरवले आहे, फक्त शेवटचे कडवे बदलले आहे. प्रवेशिकेत वाद्यांचा रकाना असतो. त्यात त्या मुलाने आमच्यासमोर, निळ्या शाईने, लिहिले: पेटी १, मृदंग १, झांज १ जोडी, गिटार १, बॅटरी नऊ व्होल्ट १. आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या आहेत.